वाटणीतलं अर्थिंग

थांबा गं, हसू नका, आधी ऐका. समिधे, तू परवा विचारलंस ना, तुमच्या घरात भाऊ-भाऊ एक झाले, पूजा झाली, सगळं गाव जेवून गेलं, मंग तूच का तोंड पाडून बसली होतीस म्हणून? तर तेच सांगते. पण पहिल्यापासनं सांगायला लागेल, नायतर तुमाला वाटेल मी माझ्याच बापावर उगाच जळते.

आमचं घर तुमी बघितलंय. बाहेरनं एकच दिसतं, एकच कौल, एकच पडवी, पण पडवीच्या मधोमध ती विटांची भिंत हाय ना, बिनगिलाव्याची, ती मागच्या गणपतीनंतर घातली. इकडं आमी, तिकडं आप्पा. आप्पा म्हणजे भिवाजीआप्पा, माझ्या बाबाचा मोठा भाऊ. अंबाबाई त्याची बायको, मी तिला मोठी आई बोलते. आणि त्यांची अक्षदा, माझी अक्षूताई. भांडण कशावरनं झालं ते इचारू नका, ते त्या दोघांना पण आता धड सांगता येत नाय. पंच बसले, वाटणी झाली. विहीर सामायिक, यायची-जायची वाट सामायिक, परड्यातला फणस सामायिक, अगदी पाटा-वरवंटा कोणाचा त्यावर पण अर्धा दिवस गेला. पण अर्थिंगचं कोणाच्या डोक्यात पण आलं नाय. कोणाच्या येतं गं? जमिनीत गाडलेली गोष्ट.

आता अर्थिंग म्हणजे काय ते मला पण आधी माहीत नव्हतं हां. अक्षूताईनं समजावलं. घर बांधलं तवा अंगणात खड्डा खणलेला, त्यात मीठ, कोळसा आणि एक पत्रा, आणि तिथनं एक हिरवी वायर घरात आलेली. प्लगला ती वरची जाडी पिन असते ना तिसरी, ती त्या हिरव्या वायरसाठी. मशीनच्या बॉडीत कुठं करंट उतरला तर तो तुझ्या अंगातनं जायच्या ऐवजी त्या वायरनं जमिनीत जातो. बस, एवढंच. तर भिंत घातली तवा तो खड्डा आला आमच्या वाटणीत. आमच्या घराची पण वायर त्यातच, आप्पांची पण त्यातच.

आणि नेमकी तवाच अक्षूताईला नोकरी लागली.

तुमाला आठवतं ना ती आधी कुठं जायची? रसायनीला, केमिकलच्या कंपनीत पॅकिंगला. पहाटे कंपनीची बस यायची फाट्यावर. संध्याकाळी यायची ती डोळे असे लाल, हातावर पुरळ, आणि खोकला असा की भिंतीच्या अलीकडं आमाला ऐकू यायचा. तरी त्याच्यातनं तिनं कर्जतला जाऊन तो टायपिंगचा कोर्स केला, रविवार-रविवार. आणि लागली की! पुण्याची कंपनी, काम घरी बसून. कानाला हेडफोन लावायचा, डॉक्टर लोक पेशंटचं काय काय बोलतात ते ऐकायचं आणि धडाधड टाइप करायचं. काय बोटं चालायची गं तिची! मी बाजूला बसून नुसती बघायची. मला बोलली, "रिये, आता त्या बसमध्ये मी मेली तरी पाय ठेवणार नाय."

कंपनीनं सगळं पाठवलं. कॉम्प्युटर, स्क्रीन, ती बॅटरीची पेटी, यूपीएस. टेंपोतनं खोकी उतरली तवा अख्खी आळी बघायला. आमचा बाबा पण भिंतीवरनं मान लांब करून बघत होता. आणि आईला बोलला, "आता बघ यांचं बिल."

बिलाचं राहू दे. झालं काय, त्याच आठवड्यात आमचं लिंबाचं झाड सुकलं. बाबानं लावलेलं, खड्ड्याच्या जवळच. आता त्याला वाळवी लागलेली, मी खोडाला बोट लावलं तर भुसा पडला. पण बाबाच्या डोक्यात भलतंच. बोलतो, "तो कॉम्प्युटर आला आणि झाड गेलं. सगळा वापरून झालेला करंट माझ्या जमिनीत सोडतोय तो!"

मी बोलली, "बाबा, करंट काय सांडपाणी हाय का सोडायला? ते तसं नसतं."

"तू गप गं. माझ्या जमिनीत त्याची वायर का? लिहिलंय वाटणीत? दाखव कुठं लिहिलंय."

आणि पक्कड आणली, आणि कट. आपली ठेवली, त्यांची कापली. वर तो तुकडा भिंतीवरनं पलीकडं फेकला. "घे तुझी वायर!"

तुमी हसताय. मी पण तवा हसली होती, खरं सांगते. वायर कापली तरी त्यांचा पंखा चालू, बल्ब चालू, काय फरक नाय. त्यालाच सगळे फसतात. अर्थिंग गेलं तर काय बंद पडत नाय गं.

मंग अक्षूताईला झिणझिण्या यायला लागल्या. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या. मोठ्या आईनं उपाय काय काढला? पायाखाली पाट! जेवायचा पाट घेतला, त्यावर रबरी चपला घालून बसायचं. शेजारची मैनाकाकी बोलली, "आमच्या फ्रिजला पण येतं गं, चालायचंच." मोठी आई बोलली, "थोडं थोडं येतं ते चांगलं, अंगात तरतरी राहते."

पण कंपनीचं तसं नव्हतं. त्यांनी खोक्यात एक टेस्टर पण पाठवलेला, प्लगसारखाच, तीन दिवे असलेला. तो सॉकेटमध्ये घालून फोटो पाठवायचा, खाली आपली सही करून. दोन दिवे लागले की सगळं बरोबर, मंगच काम सुरू. अक्षूताईनं घातला, एकच लागला. तिनं नीलेशला बोलावलं, तो नाय का साजगावला कंपन्यांमधी वायरिंग करतो. नीलेशनं बघितलं आणि बोलला, "आप्पा, अर्थिंगच नाय तुमच्याकडं. मागच्या बाजूला नवीन खड्डा करून देतो. एका दिवसाचं काम."

आता कोण पण काय बोलेल? कर बाबा. आप्पा बोलला, "नाय करायचा."

"का पण?"

"मी नवीन खणला म्हणजे जुन्यावरचा हक्क सोडला. उद्या तो बोलेल, बघा, त्याला गरज नव्हती म्हणून त्यानं दुसरा केला. वहिवाट मोडते रं अशानं. खड्डा मी खणलाय त्या अंगणात, माझ्या हातानं. वायर जोडेल तर तिथंच जोडेल."

"मंग गोमाकाकाला सांगा जोडायला," नीलेश बोलला.

"मी? त्याच्या दारात? मी मोठा हाय त्याच्यापेक्षा."

झालं. इकडं माझा बाबा, गोमा, बोलतो, "त्यानं येऊन एकदा बोलावं, गोमा, जोड रं. जोडतो की. मी काय राक्षस हाय?" मी इकडनं तिकडं, तिकडनं इकडं. आप्पाला बोलली, या ना एकदा, चहाला या, विषय काढू नका, बाबा आपोआप जोडेल. बाबाला बोलली, जोडून टाका ना गपचूप, अक्षूताईची नोकरी हाय. बाबा बोलला, "तू कोणाच्या घरची गं?"

मंग एका दुपारी अक्षूताईनं स्वतःच पहार घेतली. घराच्या मागं, मोरीच्या बाजूला, साडी नाय ड्रेस नाय, तशीच गाऊनवर, ओढणी कमरेला बांधून खणायला लागली. मी भिंतीवरनं बघितलं आणि उडी मारून गेली, घमेल्यानं माती ओढायला लागली. गुडघ्याएवढं झालं असेल. मुरूम लागला, पहार नुसती खण् खण् वाजायची, आमाला हसायला येत होतं, ती बोलली, "रिये, पाणी लागलं तर विहीर पण आपलीच करू, सामायिक नको." आणि मागनं आप्पा आला. तिच्या हातातनं पहार काढली, पायानं सगळी माती परत लोटली, वर उभा राहून दाबली. मंग बोलला, "पोरगी असून बापाचा हक्क गाडायला निघालीस?"

ती तशीच उभी. हात मातीचे. मला वाटलं आता रडेल. नाय रडली. बोलली, "आप्पा, मला परत त्या बसमध्ये घालायचंय का तुमाला?" आप्पा तोंड फिरवून गेला.

दुसऱ्या दिवशी नीलेश परत आला. कंपनीची मुदत संपत आलेली. त्यानं डोकं खाजवलं आणि बोलला, "एक करता येतं. सॉकेटमधीच न्यूट्रल, म्हणजे करंट परत जातो ती वायर, आणि अर्थ एका छोट्या वायरनं जोडतो. टेस्टरला कळत नाय. दोन दिवे लागतील." आणि तोच बोलला हां, मी ऐकलंय, "पण हे तात्पुरतं. कायम ठेवू नका. खड्डा झाला की मला हाक मारा, मी काढून टाकतो."

अक्षूताईनं विचारलं, "धोका हाय का?"

"तसा नाय... म्हणजे न्यूट्रल सुटला तर हाय. पण रोज रोज कुठं सुटतो?"

तिनं आप्पाकडं बघितलं. आप्पा सुपारी कातरत होता. बोलला, "झालं ना मंग? उगाच खड्डे कशाला."

दिवे लागले. फोटो गेला. नोकरी सुरू. आणि काय सांगू, ते महिने ना, मला तिचा खोकला ऐकूच आला नाय. पुरळ गेलं. झिणझिण्या पण गेल्या, म्हणून पाट परत जेवायला. तिनं मोठ्या आईला नवीन मिक्सर आणला, मला जीन्स. खड्ड्याचा विषय ती दर थोड्या दिवसांनी काढायची. आप्पाचं ठरलेलं, "चाललंय ना?" चालत होतं ना गं, तेच तर.

त्यात कंपनीनं सगळ्यांना एक व्हिडिओ पाठवलेला, घरी काम करताना काळजी काय घ्यायची त्याचा. तिला एकटीला बघायला कंटाळा, म्हणून मला पण बसवलं. शॉक लागला तर माणसाला हात लावायचा नाय, आधी मेन बंद करायचं. आमी शेंगा खात बघितला तो. एक टकला माणूस लाकडी काठीनं एका बाहुलीला ढकलत होता, आमी लोळून हसलो.

मंग ते वारं सुटलं तो दिवस. पाऊस नव्हता, नुसता वारा, घाटाकडनं. आमच्याकडं लाईट होती. मी पडवीत भात पाखडत होती. पलीकडं मोठी आई ओरडली, "गेली गं लाईट!" आणि यूपीएसचं टिट् टिट् सुरू झालं. मला वाटलं, आमची हाय, यांची कशी गेली? पण दोन मीटर, दोन वायरी, जाते कधी कधी. खांबावर त्यांचा न्यूट्रलचा जोड वाऱ्यानं सुटला होता, हे मागनं लाइनमन बोलला. न्यूट्रल सुटला की घरातलं सगळं बंद पडतं, पण करंट घरात असतोच गं! परत जायला वाट नाय म्हणून बंद. आणि पंख्याचं बटन चालूच. करंट पंख्यातनं उतरून न्यूट्रलमधी, आणि नीलेशनं जोडलेल्या त्या छोट्या वायरनं सरळ कॉम्प्युटरच्या पत्र्यात. ज्या अर्थच्या वायरनं तिला वाचवायचं, तिच्यातनंच.

तिला वाटलं लाईट नाय. कोणाला पण वाटेल. बॅटरी संपायच्या आत मशीन बंद करावं म्हणून ती खाली वाकली, डावा हात खिडकीच्या गजाला, उजवा मशीनच्या मागं. मोठ्या आईनं लादी नुकती पुसलेली.

ओरडली नाय ती. ते मला अजून... ओरडायला पण सुटावं लागतं माणसाला. मला फक्त खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि मोठ्या आईचं "अक्षे? अगं अक्षे?" मी सूप टाकलं आणि पळाली. दारातनं बघितलं, ती गजाला लटकल्यासारखी, अंग नुसतं थरथर, आणि मोठी आई हात पुढं करून तिला धरायला निघाली. मी मोठ्या आईचा पदरच ओढला मागं. ओरडली, "मेन! मेन बंद करा!"

आणि मोठी आई काय बोलली सांगू? "अगं लाईटच नाय, मेन कसला बंद करतेस!"

मी पडवीत गेली, खुर्ची ओढली, मेनचा खटका खाली मारला. आत धप्प आवाज झाला.

जिवंत हाय. ते तुमाला माहीतच हाय. खोपोलीला नेलं, तिथनं पनवेलला. डाव्या हाताला थोडंच. पण उजवा... पत्र्याची कडा तिच्या मुठीत होती ना, मूठ सुटलीच नाय तोपर्यंत. कातडी भरली मांडीवरची लावून. पण मधलं बोट आणि बाजूचं, ती आता वळत नाय. अंगठा अर्धा. डॉक्टर बोलला, व्यायाम करा, बघू.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाबा पण आलेला. मला वाटलं, चला, आता तरी. आप्पानं त्याला बघितलं आणि सुरू, "वायर तू कापलीस!" बाबा बोलला, "नवीन खड्डा कोणी दाबला?" सगळे पेशंटांचे लोक बघतात, ती सिस्टर येऊन बोलली, "आजोबा, बाहेर जाऊन भांडा." गेले की! बाहेर जाऊन भांडले.

मंग ती घरी आली, आणि कंपनीचा मेल आला. तिला नीट धरता येत नव्हतं म्हणून मीच मोबाईल धरून वाचून दाखवला. बरं वाटावं म्हणून लिहिलंय पहिलं, मंग खाली लिहिलंय, की तुम्ही अर्थिंगचा जो फोटो पाठवलात तो खोटा होता, तपासणीत कळलं, म्हणून काम बंद, आणि पुढं पण घेता येणार नाय. टेंपो आला, खोकी गेली. नीलेश गावात फिरकत नाय. सही कोणाची फोटोखाली? अक्षूताईची.

आणि आता ऐका. या मेलनंतर काय झालं. आप्पा पडवीत बसलेला, भिंतीच्या पलीकडं माझा बाबा. आप्पा आपलाच बोलला, मोठ्यानं, "फोटो तिनंच पाठवला ना. आपल्याला काय कळतं त्यातलं." मंग इकडनं बाबा बोलला, "तेच. शिकलेली पोर, तिला कळायला नको?" पलीकडनं आप्पा, "मी बोललो होतो का फोटो पाठव?" बाबा, "ही मशीनच नको होती घरात." "खरं हाय गोमा." "खरं हाय आप्पा."

एवढ्या महिन्यांनी पहिल्यांदा एकमेकांना नावानं हाक मारली गं! आई रडायला लागली आनंदानं. चहा ठेवला तिनं. आप्पा भिंतीला वळसा घालून आमच्या अंगणात आला, आणि चहा निवायच्या आत बाबानं पक्कड आणली आणि ती हिरवी वायर जोडली. दोघं उकिडवे बसून. एकानं धरली, दुसऱ्यानं पिळली, वर टेप मारली. एवढंच काम होतं. आप्पानं वर तांब्याभर पाणी पण ओतलं खड्ड्यात आणि बोलला, "घट्ट बसू दे रं."

मी अक्षूताईच्या खिडकीकडं बघितलं. ती गजाआड उभी होती. सगळं ऐकलेलं तिनं.

मंग सत्यनारायण. भाऊ एक झाले म्हणून. सरपंच आले, मामा आले, जो तो बाबाच्या पाठीवर थाप मारतो, "गोमा, मन मोठं केलंस." आप्पाला बोलतात, "थोरलेपण राखलंत." मोठी आई अक्षूताईला बोलली, चल गं, सगळ्यांना प्रसाद वाटू. ती उठली, डाव्या हातानं चमचा घेतला. लगेच मामी बोलली, "अगं डाव्या हातानं नको, तू बस. रिया वाटेल." ताट माझ्या हातात दिलं.

ती बसली. मी वाटत वाटत गेली, पण तिच्यापर्यंत पोहोचायच्या आधी बाबानंच माझ्या ताटातनं शिरा घेतला, स्वतः वाकला तिच्यासमोर, लाडानं बोलला, "घे गं बाय, माझ्या हातचा घे." तिनं डावा हात पुढं केला. आणि बाबाच्या तोंडातनं सवयीनं निघालं, "उजवा गं, उजवा."

तिनं उजवा पुढं केला. पट्टी सोडलेली नुकतीच. बोटं वळत नव्हती, ओंजळ होतच नव्हती, शिरा त्या सपाट हातावर ठेवला तसा घसरला आणि खाली पडला. आप्पा पटकन बोलला, "अगं अगं, देवाचा हाय, पायदळी जाईल!" आणि दोघं भाऊ खाली वाकून तो वेचायला लागले, एक इकडनं, एक तिकडनं.

अक्षूताई त्यांच्या डोक्यांवरनं माझ्याकडं बघत होती. बोलली, "रिये, रसायनीची ती बस अजून फाट्यावर थांबते का गं? पॅकिंगला पण दोन हात लागतात म्हणा." आणि आत गेली.

मी ताट तिथंच ठेवलं. मामी बोलली, "अगं, पुढं वाट ना." नाय वाटला मी.